तुझी जुनी ओळख पुसताना

अमरावती

प्रिय जीएम-३००,

तुझ्या डाव्या कुशीवर पांढऱ्या ऑइलपेंटनं लिहिलेलं ‘गाडी नं. ७’ अजून तसंच आहे. तुझ्या पोटातलं जुनं सगळं मी पुसलं, पण हे खरवडायला हात धजला नाही. पंधरा वर्षं तू वायरलेस सेट म्हणून ट्रकच्या केबिनमध्ये डॅशबोर्डाखाली लटकत होतास. रुईच्या गाठी, सरकीची पोती, मूर्तिजापूरचा चहा, बडनेऱ्यातली गर्दी, सगळं तू पाहिलंस. ड्रायव्हरच्या तळहातानं तुझा माइक गुळगुळीत झाला. मग प्रत्येकाच्या खिशात मोबाइल आला आणि तुम्ही नऊ भावंडं अकोल्याच्या एका गोदामात, खताच्या रिकाम्या पोत्यांखाली जाऊन पडलात.

तुमच्या मालकांनी मला बोलावलं तो दिवस आठवतो. पोतं बाजूला सारून ते म्हणाले, “सर, हे डब्बे आता भंगारातच चालले होते. तुमच्या पोरायच्या कामी येत असतीन तं घेऊन जा.” मी आधी कागद मागितला. त्यांना नवल वाटलं. फुकट देतोय आणि वर हा कागद मागतो! पण मी हटलो नाही. कंपनीनं आपला परवाना परत केल्याचं पत्र, तुमच्या नऊही जणांच्या सीरियल नंबरांची यादी, त्याखाली त्यांची सही आणि माझ्या हॅम, म्हणजे हौशी रेडिओच्या, परवान्याची प्रत, एवढं झाल्यावरच तुम्हाला गाडीत ठेवलं.

आपल्या देशात बोलणारा वायरलेस सेट नुसता घरात ठेवायलाही परवानगी लागते. १९३३च्या कायद्यानं ते बंधन घातलं आणि २०२३च्या दूरसंचार कायद्यानंही ते काढून टाकलेलं नाही. ४४६.० ते ४४६.२ मेगाहर्ट्झ एवढी चिंचोळी पट्टी २०१८पासून जवळच्या अंतराच्या, कमी ताकदीच्या वॉकीटॉकींना मोकळी आहे, पण तुझा तिच्याशी संबंध नाही. ऑनलाइन बाजारात तर परवान्याचा शब्दही न काढता असे सेट विकले जात होते. अखेर २०२५ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला त्यासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढावी लागली. माझ्याकडे येणाऱ्या मुलांना मी हे सगळ्यात आधी सांगतो. सेट हातात घ्यायची घाई झालेल्या मुलाला कायदा ऐकायचा नसतो, तरी सांगतो.

तुला टेबलावर घेतलं ती रात्र पावसाची होती. तुझ्या पाठीमागच्या सोळा पिनांच्या सॉकेटात कुंभारमाशीनं मातीचं घर केलेलं होतं. ते टाचणीनं काढलं, तुला तेरा व्होल्ट दिले, आणि तुझ्या तोंडावरचे दोन लाल आकडे उजळले. ज्यांनी कधी भंगारातलं यंत्र जागं केलेलं आहे त्यांनाच तो क्षण कळेल. पण तू जागा झालास तो जुन्याच दुनियेत. तुला अजून वाटत होतं की तुझी कंपनी आहे, तिचं ऑफिस आहे, आणि तू त्याच्याच फ्रिक्वेन्सीवर बसलेला आहेस.

हॅमच्या सेटाला गोल फिरणारं बटण असतं. फिरवावं तशी फ्रिक्वेन्सी बदलते. तुला ते नाही. तुझ्या मालकानं जे चॅनेल भरून घेतले तेवढेच तुला माहीत. ते बदलायचे तर तुझ्यासाठी लिहिलेला प्रोग्रॅम लागतो, आणि तो डॉसवर चालतो. तो ज्या काळात लिहिला त्या काळच्या संगणकाची चाल त्यानं गृहीत धरलेली आहे. आजच्या वेगवान मशिनवर त्याचं वेळेचं गणित चुकतं आणि तू उत्तर देईपर्यंत तो थांबतच नाही. म्हणून कॉलेजच्या अडगळीतून एक ४८६ संगणक मी जपून ठेवला आहे. त्याच्या आणि तुझ्या मध्ये एक छोटी पेटी, तिला सगळे रिब म्हणतात. संगणकाचा सीरियल पोर्ट अधिक-उणे बारा व्होल्टच्या आसपास बोलतो आणि तुला पाच व्होल्टची सवय. रिब दोघांची भाषा जुळवते. तिची तार तुझ्या माइकच्याच सॉकेटात जाते. ज्या छिद्रातून इतकी वर्षं ड्रायव्हरचा आवाज आत गेला, त्याच छिद्रातून तुझी नवी शिकवणीही जाते.

आता खरं अवघड काम. कोणताही मेकॅनिक सांगेल की पहिलं पाऊल म्हणजे सेट वाचून घ्यायचा आणि त्याची प्रत जपून ठेवायची. तुझ्या स्मृतीला आम्ही कोडप्लग म्हणतो. त्यात नुसते चॅनेल नसतात. तुझी ताकद किती, आवाजाचा फैलाव किती, मूळ क्रिस्टल किती सरकवलेला, हे कारखान्यात तुझ्यापुरतं जुळवलेलं सगळं त्यातच असतं. स्क्रू पिळून जुळवायचा जमाना तुझ्या आधीच संपत आला होता. लिहिताना मध्येच वीज गेली आणि प्रत नसली तर तू पुन्हा नीट बोलणं कठीण. अमरावतीत पावसाळ्यात वीज जातेच. तेव्हा प्रत हवीच.

पण त्याच प्रतीत दुसऱ्याच्या फ्रिक्वेन्सी असतात. त्या माझ्या नाहीत. तुझ्या मालकांच्या होत्या, उद्या सरकार त्या आणखी कुणाला देईल. ज्याचा सेट त्याला ऐकायला काय हरकत, असं म्हणणारे मला भेटले आहेत. मला ते पटत नाही. जुनं घर विकत घेतलं म्हणून आधीच्या भाडेकरूची टपालपेटी उघडायचा हक्क येत नाही. आणि ऐकणं एक वेळ बाजूला ठेवू, चुकून बटण दाबलं गेलं तर? पंचवीस वॅटचा सेट आहेस तू. गच्चीवरच्या अँटेनावरून दुसऱ्याच्या कामात धाडकन जाऊन पडशील.

म्हणून मी एक रीत घालून घेतली आहे. वाचून झालं की पहिली गोष्ट, चॅनेलांचा तक्ता रिकामा करायचा. मग त्यात आपले चॅनेल भरायचे, टोन भरायचे, सलग किती सेकंद बोलता येईल त्याची मर्यादा घालायची. तुला लिहायचं. नीट बोललास, मीटरवर ताकद आणि फ्रिक्वेन्सी बरोबर आली, की हीच नवी प्रत फ्लॉपीवर ठेवायची आणि पहिली पुसून टाकायची. अशानं कारखान्यानं तुझ्यासाठी जुळवलेलं सगळं राहतं आणि परक्याचं काहीच राहत नाही. तुझी पहिली प्रत पुसताना ‘वाय’ दाबायच्या आधी मी क्षणभर थांबलो होतो. गाडी नंबर सातचा ऑफिसशी असलेला धागा त्या एका अक्षरानं तुटणार होता. मग दाबलं.

तुझा भाऊ गाडी नं. ३, त्याचंही तुला सांगायला हवं. तुम्ही दिसायला एकसारखे, पण व्हीएचएफमध्ये तुमची दोन कुळं आहेत. एक १३६ ते १६२ मेगाहर्ट्झचं, दुसरं १४६ ते १७४चं. कंपनीचं काम दोघांच्या सामाईक भागात चालायचं, म्हणून मालकाला फरक कधी जाणवलाच नाही. भारतात हॅमना दोन मीटरची पट्टी मिळते ती १४४ ते १४६. तू पहिल्या कुळातला, तुला ती आपसूक आली. नंबर तीन दुसऱ्या कुळातला. आमची पट्टी त्याच्या उंबऱ्याच्या खाली. प्रोग्रॅम तो आकडा घ्यायलाच तयार नव्हता. संगणकातल्या मर्यादेच्या तक्त्यात हात घालून आकडा खाली आणता येतो आणि मी तो आणला. जानेवारीत नंबर तीन १४५वर छान बसला. मला फार आनंद झाला होता. मग इकडचा मे महिना आला, पारा ४५ अंशांच्या पुढे गेला, आणि एका दुपारी तो नुसता बीप देत राहिला. आतल्या ऑसिलेटरची पकड सुटली होती. कागदावर खाली ओढलेला आकडा कॉइलला मान्य नव्हता. संध्याकाळी गार झाल्यावर पुन्हा बोलला, दुसऱ्या दुपारी पुन्हा गप्प.

ज्या सेटावर उन्हाळ्यात भरवसा नाही त्याचा वऱ्हाडात उपयोग नाही. नंबर तीनचे भाग काढले, त्यातून तुमच्यातले दोघं दुरुस्त झाले. तेव्हापासून कुठलाही सेट उचलला की मी आधी उलटा करून पाठीवरचा मॉडेल नंबर वाचतो, मग किमतीचं बोलतो.

लोक विचारतात, एवढी खटपट कशाला? आज खिशात मावणारा नवा सेट स्वस्तात मिळतो, बटणांवरूनच फ्रिक्वेन्सी भरता येते. खरं आहे, माझ्याकडेही एक आहे. पण शहरात एखाद्या मोठ्या टॉवरच्या आसपास गेलं की तो बहिरा होतो. शेजारचा जोराचा आवाज त्याच्या कानात इतका भरतो की दूरचा हळू आवाज त्याला ऐकूच येत नाही. तुझ्या कानाला चांगल्या गाळण्या आहेत, कारण एकाच शहरात शंभर कंपन्या बोलत असताना तुला आपल्याच ऑफिसचं ऐकायचं होतं. आणि तुला ते फिरणारं बटण नाही हे मला तुझं मोठेपण वाटतं. नवशिक्या मुलाच्या हाती तुला दिलं तर तो चुकून पट्टीबाहेर जाऊच शकत नाही. पहिलं घर, दुसरं घर, तिसरं घर. रात्री अंधारात, पावसात, घाबरलेल्या हातांनीसुद्धा तू बरोबर जागीच बोलशील.

एक नियम मात्र तुला जड गेला असेल. आयुष्यभर तू धंद्याचंच बोललास, किती गाठी उतरल्या, पावती मिळाली का, डिझेल कुठे भरायचं. आता धंद्याचा एक शब्दही बोलायचा नाही. हॅमच्या पट्टीवर पैशाचं काम चालत नाही. एरवी परक्याचा निरोपसुद्धा पोहोचवायचा नाही. तो फक्त आपत्तीत.

आपत्ती म्हटलं की मला किल्लारीचा भूकंप आठवतो. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे चारला चार मिनिटं कमी. आदल्या दिवशी गणपतीचं विसर्जन झालेलं, माणसं थकून झोपलेली. दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. मी तेव्हा विद्यार्थी होतो. टेलिफोन बंद पडलेल्या त्या भागातून हॅम लोक आपले सेट आणि गाडीच्या बॅटऱ्या घेऊन निरोप पाठवत होते, हे वर्तमानपत्रात वाचलं, आणि हॅम म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं. पुढे नागपूरच्या वायरलेस मॉनिटरिंग स्टेशनला जाऊन परीक्षा दिली. मिनिटाला पाच शब्दांचा मोर्स येण्यासाठी घरच्या स्टीलच्या डब्यावर चमच्यानं सराव केला होता. आईनं सहा महिने ती टकटक सहन केली.

किल्लारीच्या वेळी मोबाइल नव्हते. आज आहेत, पण टॉवर विजेवर चालतो. वीज गेली की बॅटरीवर, बॅटरी संपली की डिझेलवर, आणि रस्ता पाण्याखाली गेला की डिझेल पोहोचत नाही. तुला गाडीची एक बॅटरी आणि अर्धा मीटर सळई पुरते. बोलताना तू बॅटरी भराभर पितोस हे खरं, पण नुसतं ऐकत बसलास तर तो खर्च त्याच्या पासंगालाही पुरत नाही. तेव्हा कमी बोलणारा, जास्त ऐकणारा माणूस तुझ्यापाशी बसवावा लागतो.

आता आपल्या दोन गावांचं. अमरावती ते अकोला सरळ रेषेत ८० किलोमीटरच्या थोडं पुढे. पयनघाटाचं सपाट मैदान, मध्ये डोंगर नाही, मग आवाज का जात नाही, असं मुलं विचारतात. मी त्यांना फळ्यावर गणित करून दाखवतो. अँटेनाची उंची मीटरमध्ये घ्यायची, तिचं वर्गमूळ काढायचं, त्याला ४.१२नं गुणायचं, तेवढ्या किलोमीटरवर रेडिओचं क्षितिज. दहा मीटरच्या खांबावरून तेरा किलोमीटर. पलीकडेही दहा मीटरचा खांब असेल तर दोन्ही मिळून सव्वीस. पुढे पृथ्वीचीच पाठ आडवी येते. डिसेंबरातल्या एका निश्चल पहाटे, जमिनीलगत गार हवा साचलेली असताना, अकोल्याचा आवाज थेट आला होता. अर्धं मिनिट असेल, आणि माझ्या आठवणीत तो पक्का बसलेला आहे. पण अशा पहाटेवर आपत्तीची व्यवस्था उभी करता येत नाही.

म्हणून तुला घेऊन चिखलदऱ्याला गेलो. ते ठिकाण सुमारे १,१०० मीटर उंच, खालचं मैदान तीन-साडेतीनशे मीटरवर. साडेसातशे मीटरचं वर्गमूळ सत्तावीसच्या वर, म्हणजे क्षितिज ११० किलोमीटरच्याही पुढे. तिथून अमरावती सरळ रेषेत ७० किलोमीटरच्या आत, अकोला ८५च्या आसपास. दोन्ही गावं तुझ्या नजरेत. कड्याजवळ मोकळी जागा पाहिली, गाडीची बॅटरी दगडावर ठेवली. अँटेना आपल्याच हातची, पितळेच्या वेल्डिंगच्या कांड्यांची, एक उभी आणि चार खाली पसरलेल्या, प्रत्येक ४९ सेंटिमीटरची, बांबूला सुतळीनं बांधलेली. धुकं इतकं होतं की दरी दिसत नव्हती. तुझं बटण दाबलं, नाव घेतलं, सोडलं.

खालून अकोल्याच्या माझ्या मित्राचा आवाज आला, “हाव भाऊ, लय साफ आयकू येऊन राह्यलं! जसं बाजूच्या खोलीत बसून बोलून राह्यले तुम्ही!” त्याच्यामागोमाग अमरावतीहून माझी विद्यार्थिनी बोलली. ती नुकतीच परीक्षा पास झालेली, आवाज थरथरत होता. त्या दोघांना एकमेकांचं काहीच ऐकू येत नव्हतं. मधे तू होतास. तिचं बोलणं मी त्याला सांगायचो, त्याचं तिला. पाऊण तास हे चाललं. बोलायचं काय, तर अकोल्यात पाऊस आहे का, अमरावतीत वीज आहे का, एवढंच. पण माझे हात गार पडले होते, आणि ते थंडीनं नव्हते. धुक्यात, एका कड्यावर, भंगारातून उठलेल्या एका सेटानं वऱ्हाडाची दोन गावं जोडली होती.

त्या दिवसापासून माझ्या मनात एक काम आहे आणि ते तुला सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुमच्यातल्या दोघांना पाठीला पाठ लावून, त्या सोळा पिनांच्या सॉकेटांतून जोडलं, तर एक ऐकेल आणि त्याच क्षणी दुसरा तेच पुन्हा बोलेल. जगभर तुझ्या जातीच्या जोड्यांनी असे रिपीटर चालवले आहेत. आमच्या पट्टीत ऐकायची आणि बोलायची फ्रिक्वेन्सी फक्त ६०० किलोहर्ट्झनी वेगळी, म्हणजे बोलणाऱ्याचा आवाज ऐकणाऱ्याच्या कानात घुसणार. तो अडवायला डुप्लेक्सर लागतो, पिंपासारख्या पोकळ नळ्यांचा, आणि तो तुमच्या नऊ जणांपेक्षाही महाग. शिवाय दिल्लीहून वेगळी परवानगी हवी, उंचावर जागा हवी, विजांपासून संरक्षण हवं, सोलर पॅनेल हवं. अर्ज तयार करतो आहे. सातपुडा आपल्याला जेवढं देतो तेवढं अडवतोही. चिखलदऱ्यावरून मैदान दिसतं, पण पलीकडे मेळघाटातल्या खोल दऱ्यांमधली गावं त्याच डोंगराच्या सावलीत राहतात. तिथल्यांसाठी वेगळा विचार करावा लागेल. धारणीच्या बाजूला एकदा जाऊन, गावोगाव थांबून, कुठे ऐकू येतं त्याची वही भरायची आहे.

मला काळजी तुझी नाही, शिकवणीची आहे. तुझ्यासारखे सेट अजून कितीतरी गोदामांत पडलेले असतील. पण ४८६ संगणक एकेक करून मरत चालले आहेत, फ्लॉपीला बुरशी येते, रिब बनवणारे हात म्हातारे होत आहेत. म्हणून दर रविवारी चार-पाच मुलांना बसवतो. परीक्षेला बारा वर्षांचं वय चालतं. सगळ्यात धाकटा तेरा वर्षांचा आहे, अचलपूरहून एसटीनं येतो. मागच्या आठवड्यात त्यानं तुझ्या एका भावाला स्वतः वाचलं. तक्ता पडद्यावर आला तसा त्यानं माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “सर, आधी हे पुसू ना?” मी मान हलवली. त्यानं एकेक चॅनेल रिकामा केला, हळूहळू, एकही न चुकता.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता मी तुला घेऊन पुन्हा चिखलदऱ्याच्या कड्यावर असेन. अमरावतीत माइक त्या मुलीकडे असेल. अकोल्यात मित्रानं गच्चीवर नवा खांब उभारला आहे, आणि त्याच्या टेबलावर आता गाडी नं. ४ आहे. पहिल्या चॅनेलवर थांब. तुझा भाऊ बोलेल.

७३, म्हणजे आम्हा हॅमच्या भाषेत शुभेच्छा,

अमरावतीचा एक हॅम